वेव्हमेकरचा कंट्रोलर घरी बदलताना: आधी बादली, मग टँक

"नवीन कंट्रोलर आणला, लावला, पण पंप फिरतच नाही." "दोन दिवस चालला आणि जळाल्याचा वास आला." मासे पाळणाऱ्या ओळखीच्यांचे असे फोन मला सारखे येतात. काय काय केलं म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: प्लग बसला, दिवा लागला, पंप टँकमध्ये होता तसाच चालू केला. सगळ्या चुकांची सुरुवात इथेच होते. कंट्रोलर जोडणं हे या कामातलं पाच मिनिटांचं आणि शेवटी करायचं काम आहे. त्याआधीची तयारी आणि बादलीतली चाचणी गाळली, की नवीन कंट्रोलर जातो, कधी पंप जातो, आणि वाईट दिवस असला तर मासेही जातात.

हा लेख २४ व्होल्ट डीसी वेव्हमेकरसाठी, म्हणजे टँकच्या पाण्यात प्रवाह तयार करणाऱ्या पंपासाठी आहे. भिंतीच्या प्लगात ॲडॅप्टर, ॲडॅप्टरपुढे कंट्रोलरची डबी आणि डबीतून पंपाकडे गेलेली केबल, अशी त्याची रचना असते. जुन्या फिरत्या बटणाच्या कंट्रोलरच्या जागी वेळापत्रक लावता येणारा वायफाय कंट्रोलर बसवायचा आहे, असं धरून चालतो. समुद्री टँक डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय. गोड्या पाण्यासाठी पायऱ्या त्याच, फक्त वेग कमी ठेवायचा.

थांबा: तुमच्या पंपाची वायर थेट २३० व्होल्टच्या प्लगात जात असेल आणि मध्ये ॲडॅप्टर नसेल, तर हा लेख तुमच्या पंपासाठी नाही. तो एसी पंप आहे, त्याला डीसी कंट्रोलर चालत नाही. पंख्याचा रेग्युलेटर लावून त्याचा वेग कमी करायचा प्रयोगही करू नका. तो पंप घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या तालावर फिरतो; रेग्युलेटर लावला की घरघरतो, अडखळतो आणि तापतो.

## टप्पा १: दोष कंट्रोलरचाच आहे ना?

बरेच जण कंट्रोलर बदलतात ते पंप आवाज करतो, मध्येच थांबतो किंवा जोर कमी झाला म्हणून. यातल्या बऱ्याच तक्रारी कंट्रोलरच्या नसतातच. रोटर (पंपाच्या आत फिरणारा चुंबकाचा भाग) आणि त्याच्या दांड्यावर चुन्याचा पांढरा थर चढलेला असतो. रोटर जड झाला की मोटर जास्त करंट ओढते आणि कंट्रोलर स्वतःला वाचवायला बंद पडतो. अशा पंपावर नवीन कंट्रोलर लावला तर तोही बंद पडणार, आणि त्यात संरक्षण नसेल तर जळणार. म्हणून कंट्रोलर कितीही नवा असो, आधी पंप धुवायचा.

१. टप्पा ४ मधली टँकची सोय आधी करून घ्या. मग भिंतीवरचं बटण बंद करा आणि प्लग काढा. नुसतं बटण बंद करून पाण्यात हात घालू नका.

२. पंप बाहेर काढताना त्यावर काय वाढलंय ते नीट बघा. झोअँथिड किंवा पॅलिथोआ (बटणांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ) चिकटलेले असतील तर हातमोजे आणि चष्मा घाला. ते गरम पाण्यात टाकू नका, कोरड्या ब्रशने घासू नका. यांतल्या काहींमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. ते जखमेतून, वाफेतून किंवा डोळ्यात उडालेल्या थेंबातून शरीरात जाऊ शकतं आणि माणसाला दवाखान्यात पोचवू शकतं.

३. पंप टँकच्याच पाण्याने भरलेल्या भांड्यात हलवून घ्या. जाळीत लपलेले छोटे खेकडे आणि अळ्या बाहेर पडतात.

४. पुढची जाळी फिरवून काढा, पंखा आणि रोटर सरळ रेषेत बाहेर ओढा. तिरका ओढू नका. आतला दांडा बहुतेक पंपांत सिरॅमिकचा असतो, तो वाकत नाही, थेट तुटतो.

५. एक लिटर साध्या पाण्यात दोन-तीन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड, किंवा पांढरा व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं. त्यात सुटे भाग अर्धा-पाऊण तास ठेवा. चुन्यावर बुडबुडे येतात, ते थांबले की थर विरघळला. केबलचं टोक मात्र या पाण्याबाहेर, कोरड्या फडक्यात गुंडाळलेलं.

६. मऊ टूथब्रशने घासा आणि साध्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या. ब्लीच आणि व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड कधीही एकत्र करू नका, विषारी वायू सुटतो.

तपासणी: रोटरच्या चुंबकावर बोट फिरवा. तो गुळगुळीत लागला पाहिजे. फुगवटा, तडा किंवा गंजाचा तांबूस डाग दिसला तर पंप टँकमध्ये परत घालू नका. आतला धातू पाण्यात उतरतो आणि प्रवाळ ते सहन करत नाहीत. अशा वेळी नवीन कंट्रोलरचे पैसे आधी नव्या रोटरवर घाला.

आता जुन्याच कंट्रोलरवर, पाण्याच्या टबात, पंप चालवून बघा. तक्रार गेली असेल तर बदल घाईचा राहिला नाही. वेळापत्रकासाठी कंट्रोलर हवाच असेल तर पुढे चला.

## टप्पा २: चिठ्ठ्या वाचा, पिना मोजा

सगळ्यात जास्त नुकसान या टप्प्यावर होतं, म्हणून इथे जरा सावकाश.

ॲडॅप्टर भिंतीतली २३० व्होल्ट एसी वीज घेऊन २४ व्होल्ट डीसी देतो. कंट्रोलर ती घेऊन मोटरच्या कॉइल्सना ठरावीक क्रमाने धक्के देतो, त्या तालावर चुंबकाचा रोटर फिरतो. हे धक्के देणारं सर्किट कुठे बसवलंय ते प्रत्येक पंपात वेगळं असतं. पंपाच्या केबलचं टोक उजेडात धरा आणि पिना मोजा.

तीन पिना असतील तर त्या मोटरच्या कॉइल्सच्या, आणि धक्के देणारं सर्किट कंट्रोलरच्या डबीत. दोनच असतील तर सर्किट पंपाच्या पोटात आहे आणि त्याला सरळ डीसी वीज लागते. चार, पाच किंवा जास्त असतील तर काही वायरी सेन्सरच्या किंवा वेगाच्या सिग्नलच्या असतात. दोन पिनांच्या पंपाला तीन पिनांचा कंट्रोलर, किंवा उलट, कुठलंही जोडटोक लावून चालत नाही. प्लग बसतो, सर्किट जातं.

पिना जुळल्या म्हणजे काम झालं, असंही नाही. तीन पिनांच्या दोन वेगवेगळ्या पंपांच्या कॉइल्स वेगळ्या असू शकतात. कंट्रोलर ठरावीक मोटरसाठी बांधलेला असतो, दुसऱ्या मोटरवर तो सुरू होताना अडखळतो किंवा गरम होतो. म्हणून पंपावर कोरलेला मॉडेल नंबर नव्या कंट्रोलरच्या माहितीपत्रकात नावानिशी आहे का ते बघायचं. "सगळ्याला चालतो" हे दुकानदाराचं वाक्य पुरेसं नाही. यादीत नाव नसेल तर विकत घेऊ नका, कितीही स्वस्त मिळत असला तरी.

आता ॲडॅप्टर. त्याच्या पाठीवरच्या चिठ्ठीत 'आउटपुट'समोरचे दोन आकडे वहीत लिहा: व्होल्ट आणि अँपिअर. पंपावरचे वॅट त्यांच्याखाली लिहा. वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. ४० वॅटच्या पंपाला २४ व्होल्टवर साधारण १.७ अँपिअर लागतात. वर पाव भाग मोकळीक धरा, म्हणजे २.१ अँपिअरच्या पुढचा ॲडॅप्टर हवा, २.५ चा असेल तर उत्तम. चिठ्ठीवरचे अँपिअर गरजेपेक्षा जास्त असले तर चालतं, व्होल्ट जास्त असलेले चालत नाहीत. काही पंप १२ व्होल्टचे असतात, काही २४ च्या वरचे. ॲडॅप्टरच्या डब्या मात्र सगळ्यांच्या काळ्या आणि सारख्याच दिसतात. घरात दोन असतील तर आत्ताच प्रत्येकाला चिकटपट्टी लावून पंपाचं नाव लिहा.

शेवटी ॲडॅप्टरचा गोल जॅक. त्याचा बाहेरचा व्यास बहुतेकदा ५.५ मिलिमीटर असतो, पण आतलं भोक २.१ किंवा २.५ मिलिमीटरचं असतं. डोळ्यांना फरक कळत नाही. २.५ चा जॅक २.१ च्या पिनेवर घातला की जातो, पंपही चालतो, पण आत तो सैल असतो. माझ्या ९० लिटरच्या टँकवर मी जुना ॲडॅप्टर नव्या कंट्रोलरला असाच लावला होता. तिसऱ्या आठवड्यात पंप मध्येच थांबू लागला. जॅक बाहेर काढला तर काळं प्लास्टिक मऊ पडून एका बाजूला वाकलं होतं आणि पिनेवर तपकिरी डाग होता. सैल जोडात बारीक ठिणग्या पडत होत्या आणि मी तीन आठवडे ॲपमधले आकडे बदलत बसलो होतो. तेव्हापासून कंट्रोलरसोबत आलेलाच ॲडॅप्टर वापरतो. सोबत आला नसेल तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत कंट्रोलर हातात घेऊन जातो, आणि जॅक बसवून, हलवून बघूनच ॲडॅप्टर घेतो.

## टप्पा ३: मल्टीमीटरने दहा मिनिटं

साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. घरी नसेल तर शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून तासाभरासाठी मागून आणा, पण ही पायरी सोडू नका.

१. ॲडॅप्टर. मीटर २०० व्होल्ट डीसीवर. ॲडॅप्टर प्लगात, जॅक कुठेही न जोडलेला. लाल टोक जॅकच्या भोकात, काळं बाहेरच्या कड्याला, आणि दोन्ही टोकं एकमेकांना चिकटू देऊ नका. आकडा २४ च्या आसपास यायला हवा. आकड्याआधी वजा चिन्ह आलं तर आतलं टोक ऋण आहे. कंट्रोलरवरच्या जॅकच्या चित्राशी ते जुळत नसेल तर जोडायचं नाही.

२. कॉइल्स, फक्त तीन पिनांच्या पंपासाठी. मीटर सर्वांत खालच्या ओहमवर. पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, पहिली-तिसरी अशा तीन जोड्या मोजा. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे हवेत. आकडा किती याला इथे महत्त्व नाही, तिन्ही सारखे आहेत का ते बघायचं. एखाद्या जोडीवर मीटर काहीच दाखवत नसेल तर त्या वाटेत वायर तुटलीय किंवा कॉइल जळलीय.

३. गळती. पंप मिठाच्या पाण्याच्या बादलीत बुडवा, केबलचं टोक कोरडं आणि बाहेर. मीटर सर्वांत वरच्या ओहमवर. एक टोक पाण्यात, दुसरं आळीपाळीने प्रत्येक पिनेवर. मीटरने अनंत (आकडा रेंजबाहेर) दाखवायला हवं. एखादा आकडा आला तर पंपाचं लुकण फुटलंय आणि पाणी कॉइलपर्यंत पोचलंय. अशा पंपाला कुठलाच कंट्रोलर लावू नका. अनंत आलं म्हणजे पंप शंभर टक्के निर्दोष असं मात्र समजू नका. हातातला मीटर कमी दाबावर मोजतो. तो नापास म्हणाला तर नापास, पास म्हणाला तर पुढच्या टप्प्यावर जायची परवानगी, एवढाच अर्थ घ्यायचा.

तपासणी: टँक ज्या प्लगवर आहे त्या लाइनला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा खटका) आहे का? वितरण पेटीतल्या त्या खटक्यावर 'टी' किंवा 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं. ते दाबल्यावर खटका पडला पाहिजे. मिठाचं पाणी आणि घरातली वीज शेजारी नांदतात तिथे हे यंत्र नसेल, तर कंट्रोलरच्या आधी ते बसवून घ्या. माझं हे मत फार पक्कं आहे.

## टप्पा ४: टँकची सोय

वेव्हमेकर काढला की टँकमधला प्रवाह कमी होतो, पृष्ठभाग शांत होतो आणि पाण्यात हवा विरघळणं मंदावतं. समुद्राच्या पाण्यात २५ अंशाला लिटरमागे पावणेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला सव्वासहाच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे मुळातच हात आखडता असतो. त्यात रात्री शेवाळ आणि प्रवाळही ऑक्सिजन घेतात.

म्हणून काम सकाळी, दिवे लागल्यावर सुरू करा. रिटर्न पंप (खालच्या फिल्टरच्या टाकीतून पाणी टँकमध्ये परत आणणारा) किंवा फिल्टर चालू ठेवा आणि एक हवेचा पंप बुडबुडे सोडणाऱ्या दगडासह टँकमध्ये सोडा. बॅटरीवर चालणारा असेल तर जास्त चांगलं. आदल्या रात्रीपासून खाणं कमी करा. पुण्यात राहत असाल तर गुरुवार टाळा. त्या दिवशी देखभालीसाठी वीज जाण्याची शक्यता जास्त, आणि अर्धवट जोडणीत वीज गेली-आली की दोष कुठला ते कळत नाही.

हवेचा पंप बसवून तासभर टँककडे बघा. मासे वर येऊन तोंड उघडझाप करत नसतील, तर तुमच्याकडे बादलीच्या चाचणीला हवा तेवढा वेळ आहे. ही तासभराची खात्री फार महत्त्वाची. माणूस घाई करतो ती मासे धापा टाकताना दिसतात म्हणूनच.

## टप्पा ५: बादली

खरं तर टब. २० लिटरच्या बादलीत जोरदार वेव्हमेकर पूर्ण वेगाने सोडला तर पाणी भिंतीवर जातं. बाळाला आंघोळ घालायचा प्लास्टिकचा टब उत्तम. पंपाच्या वर निदान १० सेंटिमीटर पाणी राहील एवढा भरा, नाहीतर भोवऱ्यातून हवा ओढली जाते आणि आवाज ऐकून तुम्हाला उगाच पंपाचा संशय येतो. चुंबकाची जोडी टबाच्या भिंतीवर आतून-बाहेरून बसते. ती बसवताना बोट मध्ये सापडू देऊ नका. मोठ्या पंपांचे चुंबक कातडी फाडतात.

जोडणीचा क्रम पाठ करून ठेवा:

१. आधी पंप कंट्रोलरला.
२. मग ॲडॅप्टरचा जॅक कंट्रोलरला.
३. शेवटी ॲडॅप्टर भिंतीच्या प्लगात, बटण बंद ठेवून. मग बटण.

काढताना नेमकं उलट. पंप फिरत असताना पंपाची केबल कंट्रोलरमधून उपसू नका, खोचूही नका. भिंतीचं बटण बंद केल्यावर डबीवरचा दिवा विझेपर्यंत थांबा आणि मगच हात लावा. चालू कंट्रोलरमध्ये पंप खोचल्याने गेलेले कंट्रोलर मी पाहिलेत, आणि त्यांच्या मालकांना दोष कंपनीचा वाटत होता.

पंप सर्वांत कमी वेगावर सुरू करा. पाणी जाळीतून पुढे फेकलं जातंय का ते तळहात लांब धरून नव्हे, पाण्यावर सुक्या पानाचा तुकडा टाकून बघा. पान मागे खेचलं जात असेल किंवा जोर अगदीच दुबळा असेल तर रोटर उलटा फिरतोय. मूळ प्लगने जोडलं असेल तर असं सहसा होत नाही. कंट्रोलर कंपनीची जोडकेबल मध्ये असेल तर होऊ शकतं. तीन वायरींच्या मोटरमध्ये कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल केली की दिशा फिरते, पण त्यासाठी पंपाची मूळ केबल कापू नका. योग्य जोडकेबल मागवा. आणि काहीही झालं तरी पाण्याखाली जोड देऊ नका, कितीही चिकटपट्टी गुंडाळली तरी मीठ आत शिरतं.

आता तीन चाचण्या.

दहा वेळा सुरू-बंद. भिंतीच्या बटणावरून बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा. दहाही वेळा पंप स्वतःहून फिरायला हवा. एकदा जरी नुसता थरथरून थांबला तर आधी रोटर पुन्हा बघा, मग कंट्रोलरची जुळणी.

सर्वांत कमी वेग. ॲपमध्ये १० टक्के लिहिता येतं म्हणून प्रत्येक पंप १० टक्क्यांवर सुरू होतोच असं नाही. पाच-पाचने वर जात ज्या आकड्यावर तो हमखास सुरू होतो तो लिहून ठेवा. त्यावर पाच मिळवा. ही तुमची तळरेषा. रात्रीचा वेग याच्या खाली कधीच लावायचा नाही.

तासभर पूर्ण वेग. टबात पूर्ण वेग झेपत नसेल तर पाणी सांडणार नाही एवढ्या वेगावर. तासानंतर कंट्रोलर, ॲडॅप्टर आणि जॅक तिन्हींवर तळवा ठेवा. कोमट असणं साहजिक आहे. पाच सेकंद हात ठेवता येत नसेल तर काहीतरी बरोबर नाही. बहुतेक वेळा जॅक सैल असतो किंवा ॲडॅप्टर अपुरा.

मग मध्यम वेगावर रात्रभर टबातच चालू द्या. ही रात्र बऱ्याच जणांना जड जाते. नवीन यंत्राचा दोष असलाच तर तो पहिल्या काही तासांत दिसण्याची शक्यता जास्त, आणि तो टबात दिसलेला बरा.

## टप्पा ६: वायफाय आणि ॲप

कंट्रोलर टबाशेजारीच असताना हे उरका.

असे बरेच कंट्रोलर फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवर चालतात. फोन ५ गिगाहर्ट्झवर असला की जोडणी "अयशस्वी" म्हणते आणि माणूस कंट्रोलर परत करायला निघतो. राउटरवर दोन्हींची नावं वेगळी करा, फोन २.४ वर आणा, ॲपला लोकेशन आणि ब्लूटूथची परवानगी द्या, मग जोडा. ॲपने अपडेट सुचवलं तर इथेच करा. अपडेट चालू असताना पंप थांबू शकतो. टबात त्याने काही बिघडत नाही.

नंतर ॲपमधलं घड्याळ बघा. ते चीनच्या वेळेवर राहिलं असेल तर कंट्रोलर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असतो. तुम्ही रात्री १० ला वेग कमी करायला सांगितलंत, तर तो साडेसातलाच कमी होतो, आणि महिनाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

तपासणी: दोन मिनिटांपुढचं एक वेळापत्रक लावा आणि मग राउटर बंद करा. इंटरनेटशिवाय ते लागू झालं तर वेळापत्रक कंट्रोलरच्या पोटात साठलंय. झालं नाही तर अशा कंट्रोलरवर फक्त एकच स्थिर वेग लावा. टँकचा प्रवाह इंटरनेटच्या भरवशावर ठेवायचा नाही.

## टप्पा ७: टँकवर बसवणं

पंप जिथे बसणार तिथली काच आतून पुसा. चुंबकाखाली वाळूचा एक कण राहिला तरी काचेवर कायमचा ओरखडा पडतो. पंप पाण्याच्या वरच्या तिसऱ्या भागात, पृष्ठभाग सतत थरथरेल असा. ॲनिमोन (समुद्रफूल) असेल तर जाळीवर संरक्षक पिंजरा हवाच. ॲनिमोन जागा बदलत फिरतं आणि पंपात ओढलं गेलं तर अख्ख्या टँकचं पाणी नासतं.

कंट्रोलर कुठे लावायचा? टँकच्या बाजूला, हवा खेळेल अशा जागी. काठाच्या बरोबर खाली नको आणि संपच्या, म्हणजे टँकखालच्या फिल्टरच्या टाकीच्या, बंद कपाटात तर नकोच. कोकणात आणि मुंबईत हवाच खारट-दमट, त्यात कपाटातली वाफ; महिन्याभरात पिनांवर हिरवट पांढरी पूड चढते. प्रत्येक केबल जोडाकडे जाताना आधी जोडाच्या खाली लोंबकळू द्या आणि मग वर घ्या. केबलवरून ओघळणारा थेंब त्या खालच्या वळणावरून जमिनीवर पडतो, प्लगात जात नाही.

टँकच्या झाकणातल्या भोकातून नवा प्लग जात नसेल तर भोक मोठं करा. केबल कापू नका.

## टप्पा ८: वेग हळूहळू

९० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा टँक म्हणजे १८२ लिटर. खडक आणि वाळू वजा जाता १५० लिटर पाणी धरा. मऊ प्रवाळ असलेल्या टँकसाठी मी तासाला २० पट प्रवाहापासून सुरुवात करतो, म्हणजे ३,००० लिटर. फांद्यांच्या कठीण प्रवाळांना याहून बराच जास्त लागतो. गोड्या पाण्यात बेट्टा किंवा गोल्डफिश असतील तर यातलं काही नको, पृष्ठभाग हलला तरी पुरे.

ॲपमधले टक्के म्हणजे प्रवाहाचे टक्के नव्हेत. ५० टक्क्यांवर पंप निम्मं पाणी फेकेल असं धरू नका. तळरेषेच्या थोडं वर सुरू करा आणि दर दोन-तीन दिवसांनी पाच टक्के वाढवा. आकड्यापेक्षा टँककडे बघा: वाळूत खड्डा पडतोय का, प्रवाळाचं मांस एका बाजूने सांगाड्यावरून मागे सरतंय का, लहान मासा दिवसभर एकाच आडोशाला बसतोय का. यातलं काहीही दिसलं तर मागच्या आकड्यावर या.

पहिला आठवडा फक्त स्थिर वेग. लाटेचे प्रकार नंतर. लाटेच्या मोडमध्ये धक्क्यांचा ताल टँकच्या लांबीशी जुळला की अख्खं पाणी झुलू लागतं. दिसायला सुंदर, पण काचेच्या जोडांवर आणि स्टँडवर प्रत्येक झोक्याला ताण येतो. पाणी काठावर दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त चढत असेल किंवा स्टँडवर ठेवलेल्या पेल्यातलं पाणी हलत असेल तर ताल बदला. जुना टँक असेल तर मी हा मोड लावतच नाही.

खाणं घालायचा मोड १० मिनिटांचा ठेवा, आणि तो संपल्यावर पंप आपोआप सुरू होतो हे स्वतः उभं राहून बघा.

## टप्पा ९: वीज जाण्याची रंगीत तालीम

पंप टँकमध्ये चालू असताना भिंतीचं बटण बंद करा आणि पाच मिनिटांनी चालू करा. तीन गोष्टी बघायच्या: पंप स्वतःहून सुरू झाला का, त्याच वेगावर आला का, आणि घड्याळ बरोबर आहे का. मग खाण्याचा मोड चालू असताना हेच करा. काही कंट्रोलर त्या मोडमध्ये वीज गेली की थांबलेलेच राहतात. तुमचा तसा असेल तर घरातल्या सगळ्यांना ते माहीत हवं, बटण कुठलं दाबायचं यासकट.

घरच्या इन्व्हर्टरवर ॲडॅप्टरसकट पंप चालतो. इन्व्हर्टरची १२ व्होल्टची बॅटरी मात्र २४ व्होल्टच्या कंट्रोलरला थेट जोडू नका. कंट्रोलरला बॅटरीसाठी वेगळा जॅक असेल तर त्यावर लिहिलेल्या व्होल्टचीच बॅटरी लावा.

## टप्पा १०: पहिला महिना

पहिल्या दिवशी दर दोन तासांनी, मग आठवडाभर रोज रात्री एकदा जॅकला हात लावा. सातव्या दिवशी बटण बंद करून, प्लग काढून दोन्ही जोड उघडा. पिना चकचकीत असतील तर ठीक. पूड दिसली तर कोरड्या ब्रशने काढा आणि कंट्रोलरची जागा बदला, कारण तिथे पुन्हा पूड येणारच. तिसाव्या दिवशी रोटर काढून बघा. तुमच्या पाण्यात चुना किती वेगाने चढतो ते कळलं की धुण्याचा दिवस ठरवता येतो.

जुना कंट्रोलर चालू स्थितीत असेल तर तो त्याच्याच ॲडॅप्टरसोबत झिपच्या पिशवीत घाला, सोबत सिलिका जेलची पुडी टाका, पिशवीवर पंपाचा मॉडेल नंबर लिहा आणि टँकच्या कपाटात नाही, कोरड्या कपाटात ठेवा. त्याच पिशवीत तळरेषेचा आकडा लिहिलेला वहीचा कागदही घाला. रात्री अकराला नवा कंट्रोलर बंद पडला तर तुम्ही घरी नसतानाही तो कागद वाचून कुणीतरी पंप चालू करू शकेल.